शिल्लक किंमत एक रुपया

सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत ‘डेड स्टॉक रजिस्टर’ नावाची एक वही असते. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, साहेबांची घंटी अशा ज्या वस्तू वापरून संपत नाहीत, त्यांची जन्मतारीख या वहीत लिहून ठेवतात. आता ही वही कॉम्प्युटरात गेली आहे, पण नाव तेच आहे. दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक वस्तूची किंमत थोडी थोडी उतरवायची, याला घसारा म्हणतात. उतरता उतरता किंमत अगदी तळाला गेली, की वस्तू वहीतून नाहीशी होऊ नये म्हणून तिच्यापुढे लिहितात : शिल्लक किंमत रुपये एक. आमच्या शाखेत अशी एक खुर्ची आहे. तीन मॅनेजर बदलले, दोनदा रंग झाला, पण खुर्ची जागेवर आहे. गेली अकरा वर्षं तिच्यावर मी बसतो. हेड ऑफिसात माझ्या नावापुढेही एक रुपयाच लिहिला असावा, असा मला दाट संशय आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागलेली एक नोटीस. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पार्किंगमधील बंद अवस्थेतील वाहने ३१ मार्चपूर्वी हलवावीत. केवळ चालू अवस्थेतील वाहनांनाच जागा देण्यात येईल.’ आमचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकाच माणसाला काही सांगायचं असलं, की ते ‘सर्व सभासदांना’ कळवतात. आख्ख्या सोसायटीत बंद अवस्थेतलं वाहन एकच होतं, आणि ते माझं होतं. जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी, जुन्या चादरीखाली उभी असलेली आमची लूना.

मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं चादर काढली, लूना एका हातानं मागून उचलून पाहिली आणि म्हणाला, “बाराशे.”

“कशाचे?”

“लोखंडाचे.”

“आणि गाडीचे?”

“गाडीचे कुठं काय, साहेब!”

अपमान झाला, की माणूस एक तर संत होतो नाही तर इतिहास-संशोधक. संत व्हायला घरून परवानगी नव्हती. मी बी.कॉम., सेकंड क्लास. इतिहासाशी माझा संबंध दहावीला तुटला तो तुटलाच. पण त्या रात्री मी लूनाची वंशावळ काढायला बसलो, आणि सांगायला आनंद वाटतो, की आमच्या लूनाचं कुळ आमच्यापेक्षा बरंच मोठं निघालं.

‘मोपेड’ हा शब्द मुळी स्वीडनमधला. १९५२ साली हाराल्ड नील्सन नावाच्या तिथल्या एका पत्रकारानं ‘मोटर’ आणि ‘पेडल’ या दोन शब्दांना जोडून तो तयार केला. या शब्दाचा प्रामाणिकपणा बघा. मोटर चालली तर मोटर, नाही तर पेडल आहेच, अशी नावातच कबुली. लग्नाच्या बाजारात एवढं खरं कोणी बोलत नाही.

शब्द १९५२ चा, पण वस्तू आधीची. दुसरं महायुद्ध संपलं होतं. जपान बेचिराख झालेला. गाड्या तुडुंब भरलेल्या, पेट्रोल रेशनवर. अशा वेळी १९४६ साली सोइचिरो होंडा या गृहस्थांना लष्करात शिल्लक राहिलेली छोटी इंजिनं मिळाली. वायरलेस संचांना वीज पुरवण्यासाठी ती वापरत. होंडांनी ती सायकलींना बसवली. पहिल्या प्रयोगात पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी काय वापरलं असेल? अंथरुणात शेकायला घ्यायची गरम पाण्याची बाटली! बायकोला बाजारहाटासाठी लांबवर सायकल मारत जावं लागतं हे ते पाहत होते. त्यामुळे गाडी तयार झाल्यावर ती चालवायला दिली तीही बायकोलाच. साचीबाईंनी ती गर्दीतून फिरवून आणली. पुढे याच घराण्यात १९५८ साली ‘सुपर कब’ जन्माला आली. मधली दांडी नाही, एका हातानं चालवता येईल अशी, म्हणजे दुसऱ्या हातात हॉटेलवाल्याच्या पोऱ्याला शेवयांच्या वाडग्यांची चळत धरता यावी. २०१७ साली तिचा उत्पादनाचा आकडा दहा कोटींवर गेला. शेकायच्या बाटलीपासून दहा कोटींपर्यंत! आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जाला ‘तारण काय?’ असं विचारतात. होंडांनी ‘बाटली’ म्हणून सांगितलं असतं, तर शिपायानं त्यांना बाहेर नेलं असतं.

तिकडे फ्रान्समध्येही त्याच १९४६ साली व्हेलोसोलेक्स विक्रीला आली. सायकलच्या पुढच्या चाकावर इंजिन, आणि त्याचा रूळ टायरवर टेकला की चाक फिरणार. १९४९ मध्ये मोटोबेकान कंपनीनं मोबिलेट काढली. इटलीत पियाज्योनं १९६७ साली ‘चाओ’ काढली. इटालियन भाषेत ‘चाओ’ म्हणजे ‘या’ही होतं आणि ‘येतो’ही होतं. चालू पडणं आणि बंद पडणं या दोन्ही प्रसंगांना चालेल असं नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. युद्ध जिंकलेले असोत की हरलेले, ज्यांच्या खिशात मोटारीचे पैसे नव्हते आणि पायांत सायकलीचं बळ उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी ही गाडी निघाली. राजेमहाराजांच्या इतिहासात हत्ती-घोडे असतात. मोपेडच्या इतिहासात पिशव्या, डबे आणि कामाला पोचायची घाई आहे.

आपल्याकडे युद्धानं काही बेचिराख झालेलं नव्हतं, पण टंचाई होती. ती आपल्याला युद्धावाचूनही जमते. त्या काळात स्कूटर हवी असेल तर नंबर लावावा लागे. बजाजच्या स्कूटरसाठी लोक दहा दहा वर्षं थांबत. ज्याचा मामा परदेशात आणि त्याच्याकडचं परकीय चलन भाच्याच्या कामाला येई, त्याचा नंबर लवकर लागे. आम्हाला मामा होते, पण ते संगमनेरला. मुलगा पहिलीत असताना नंबर लावला, तर त्याच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत स्कूटर दारात येईल, असा हिशेब असे.

या टंचाईत मोपेड अवतरली. मोबिलेटचा भारतीय अवतार म्हणजे सुवेगा, आणि तिच्यामागून १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं ‘चाओ’च्या परवान्यावर लूना काढली. फिरोदिया घराणं मूळ नगरचं, आणि लूना तयार होत होती तीही नगरच्या कारखान्यात. आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आम्ही जन्मलो तेव्हा ते अहमदनगर होतं आणि बोलताना नुसतं नगर होतं. माणूस चंद्रावर जाऊन तीन वर्षं झाली होती. ‘लूना’ म्हणजे चंद्र. अमेरिकेनं माणूस चंद्रावर पोचवला, नगरकरांनी चंद्र कारकुनाच्या दारात आणून लावला.

इंजिन पन्नास सी.सी.चं. म्हणजे कटिंग चहाचा पेला भरेल एवढीच त्याची छाती. गिअर नाही, क्लच दाबायचा नाही. स्टँडवर लावून पेडल मारायचं, फुरफुर सुरू झालं की स्टँड काढून निघायचं. मधे स्कूटरसारखा पत्रा नाही, मोटरसायकलसारखी टाकी नाही, त्यामुळे धोतर, नऊवारी, पाचवारी, सगळ्या पोशाखांना ती चाले. महाराष्ट्रात ती इतकी रुजली, की पुढे कुठल्याही कंपनीच्या मोपेडला लोक ‘लूना’च म्हणू लागले. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर तिची जाहिरात लागली. पीयूष पांडे यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांपैकी ती एक. तिचं घोषवाक्य मी इथे लिहीत नाही, कारण वाचकांच्या तोंडात ते एव्हाना आलेलंच असणार.

आमच्या घरी लूना आली ती १९८४ साली. सेकंडहँड, अठराशे रुपयांना. मी पाच वर्षांचा होतो. बाबा जिल्हा परिषदेत कारकून, आई नगरपासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि बाबांनी अंगणातच तीन फेऱ्या मारल्या. शेजारचे निवृत्त फौजदार गॅलरीतून म्हणाले, “सायकलीला दमा झाला की काय हो?” बाबांनी ते आयुष्यभर विसरलं नाही.

बाबांचा पेट्रोलवर विश्वास नव्हता, ऑइलवर होता. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. त्याचं प्रमाण पुस्तकात दिलेलं असतं, आणि पंपावरचा माणूस त्या प्रमाणात मिसळून देतोही. पण बाबांचं म्हणणं, वरणात तूप दोन चमचे जास्त पडलं तर कोणी मरतं का? ते घरून ऑइलची बाटली घेऊन जात आणि पंपावरून परत आले की टाकीत वरून धार सोडत. परिणामी आमची लूना निघाली, की गल्लीत डासांसाठी वेगळा धूर करावा लागत नसे. जादा ऑइलमुळे प्लगवर काजळी धरे. मग बाबा रस्त्याच्या कडेला गाडी लावत, खिशातून पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा काढत आणि शांतपणे प्लग घासत. त्यांच्या ऑफिसच्या पाकिटात नोटा नसल्या तरी पॉलिश पेपर असे. दोष सर्वस्वी आमच्या तुपाळ हाताचा होता. गाडी बिचारी तेवढं तूप पचवून चालत होती, हेच नवल.

प्लग घासूनही जमलं नाही, तर शेवटचा उपाय पेडल. इंजिन सोडवायचं आणि सायकलसारखी मारत घरी यायचं. मी कॅरिअरवर उशी टाकून बसलेला असे. बाबा घामाघूम होऊन पेडल मारत आणि मागे वळून सांगत, “बघ, स्कूटर असती तर ढकलत न्यावी लागली असती.” मध्यमवर्गीय माणसाला सुख मोजायला नेहमी दुसऱ्याचं दुःख लागतं. ते त्यांनी मला फार लहानपणी शिकवलं.

पुढचा इतिहास वाचकांपैकी पुष्कळांनी स्वतः चालवलेला आहे. १९८० साली दक्षिणेत टी.व्ही.एस. ५० आली, दोघांना बसता येईल अशी. बजाजनं १९८१ मध्ये एम ५० आणि १९८६ मध्ये एम ८० काढली आणि दुधाच्या किटल्या सायकलवरून तिच्यावर चढल्या. मोटरसायकलींत राजदूतची छोटी गाडी १९७३ सालच्या ‘बॉबी’ सिनेमात झळकली, आणि कॉलेजातल्या मुलांना आपण ऋषी कपूर आहोत असं वाटू लागलं. म्हैसूरहून जावा आणि येझदी येत. मग १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. चार स्ट्रोकची, धूर न काढणारी, आणि पेट्रोल बेतानं पिणारी. मोपेडचा सगळा संसार ‘परवडतं’ या एका शब्दावर उभा होता. तोच शब्द मोटरसायकलनं पळवला. पाठोपाठ सेल्फस्टार्टच्या स्कूटर आल्या, पगारही वाढले. २००० सालच्या सुमारास लूना बनायची थांबली. २०२४ साली ती विजेवर चालणारी ई-लूना होऊन परत आली आहे. छान आहे, पण तिला पेडल नाही. टी.व्ही.एस.ची एक्सएल अजून खेड्यापाड्यांत पोती वाहते, तिचीही पेडलं कधीच गळून पडली. म्हणजे ‘मो’ राहिला, ‘पेड’ गेलं.

आणि नेमकं आता, सगळं संपल्यावर, लोकांना या गाड्यांचं प्रेम फुटलंय. इंग्लंडात १९७१ च्या अखेरीस नियम झाला, की सोळा वर्षांच्या पोराला मोटरसायकल नाही, फक्त पेडल असलेली मोपेड. लगेच यामाहानं एफ.एस. वन-ई नावाची मोटरसायकलसारखी दिसणारी मोपेड विकायला काढली. पेडल होतं, पण ते कायद्याला दाखवायला. त्या वेळची पोरं आता आजोबा झाली आहेत आणि तीच गाडी हजारो पौंड मोजून परत घेताहेत. आपल्या सरकारनंही २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकीसुद्धा त्यात बसते. फी वीस हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला आणि पेट्रोल भरायला मात्र नेता येते. म्हणजे आमची लूना १९८३ सालची असल्यामुळे २०३३ साली ती सन्माननीय होईल, आणि त्यानंतर मी तिच्यावर बसून फक्त पेट्रोल आणायला जाऊ शकेन, तेसुद्धा तिच्यासाठीच!

आमच्या हेडकॅशिअरकडे जुनी येझदी आहे. दर रविवारी ते ती पुसतात. तिची गंमत अशी, की किक मारायची दांडी आणि गिअर टाकायची दांडी एकच. किक मारून झाली की तीच पुढे पाडायची आणि गिअर टाकायचा. मी त्यांना विचारलं, “एवढं काय आहे हो तिच्यात?” ते नोटा मोजायचे थांबले. हेडकॅशिअर नोटा मोजताना थांबणं ही साधी गोष्ट नाही. म्हणाले, “हे बघ, माझ्या नव्या गाडीचं काही बिघडलं की तांबडा दिवा लागतो. काय बिघडलंय ते गाडी मला सांगत नाही, सर्व्हिस सेंटरच्या पोराच्या कॉम्प्युटरला सांगते. येझदी मला सांगते.” आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

मला ते पटलं. या गाड्या आपल्या मापाच्या होत्या. उचलता येत, उघडता येत, ढकलता येत. बिघाड कळे, आणि कळला की एका पान्यानं आणि थोड्या शिव्यांनी दुरुस्त होई. माणसाला आपल्यावाचून ज्याचं अडतं, त्याच्यावरच जीव लावता येतो.

इतकं तत्त्वज्ञान झाल्यावर मी काय केलं असेल? गाडी विकायला निघालो. मध्यंतरी एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तिचा सुगावा लागला होता. तो जुन्या मोपेड दुरुस्त करून विकतो. चादर बाजूला करून त्यानं एकदाच पाहिलं आणि पंचवीस हजार देतो म्हणाला. भंगारवाल्याचे बाराशे आणि याचे पंचवीस हजार यांत मला आमच्या घराण्याचा पुनरुद्धार दिसला. मुलीच्या क्लासच्या फीचा हप्ता तोंडावर होता. मी रीतसर हिशेबही मांडला. अठराशे रुपये, दरसाल पंचवीस टक्के घसारा, घटत्या शिलकेच्या पद्धतीनं. २०१० सालीच किंमत एक रुपया दोन पैशांवर आली होती. आज ती दीड पैशाच्या आत आहे. दीड पैशाच्या मालाला पंचवीस हजार! असा नफा आमच्या बँकेनं कधी स्वप्नात पाहिला नसेल.

गाडीच्या कागदांसाठी बाबांची फाइल काढली. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांनी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत ‘लूना’ असं लिहून ठेवलेलं. आत आर.सी. बुक, विम्याच्या पावत्या, टायरची बिलं, आणि घडी घातलेला एक फुलस्केप. त्यावर बाबांच्या हातचा आकडेमोडीचा तक्ता होता.

‘जाणे-येणे २२ कि.मी. दिवस २५. एकूण ५५० कि.मी. लिटरला ५० धरून ११ लि. पेट्रोल. ऑइल वेगळे.’ (‘वेगळे’च्या खाली दोन रेघा.) पुढे एस.टी.च्या पासाची रक्कम, वजाबाकी, आणि शेवटी एकच शब्द : ‘परवडते.’

मी कागद उलटा केला. ती कागदाची खरी बाजू होती. बाबांनी आयुष्यात पाठकोरा कागद कधी फुकट घालवला नाही. ‘विनंती विशेष. मी खाली सही करणार, आपल्या शाळेत उपशिक्षिका म्हणून काम करीत असून, घरगुती अडचणीमुळे दररोज वेळेवर हजर राहणे शक्य होत नसल्याने…’ मजकूर आईच्या नावाचा होता. अक्षरही आईचं. राजीनामा पूर्ण लिहिलेला होता. खाली सही तेवढी नव्हती.

आई आत लसूण सोलत बसली होती. मी कागद तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा वर केला, वाचला आणि परत लसूण घेतला.

“हं. राहिला होय अजून तो?”

“आई, तू नोकरी सोडणार होतीस?”

“मग काय करणार? एस.टी. सकाळी पावणेसातला, नाही तर एकदम सव्वाअकराला. शाळा साडेदहाची. पावणेसातला निघायचं तर तुला कोणाकडे टाकायचं? तू सारखा आजारी. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा मोठ्या गुरुजींनी सगळ्यांसमोर ऐकवलं. मग घरी येऊन लिहिलं ते. ह्यांना म्हटलं, वाचून बघा, भाषा बरोबर आहे का.”

“मग?”

“मग काय. ह्यांनी वाचलं, भाषा बरोबर आहे म्हणाले. आणि चौथ्या दिवशी ती गाडी घेऊन आले. मला म्हणाले, माझं ऑफिस जवळ आहे, मी आपली सायकल मारीन. महिनाभर मैदानावर शिकले. दोनदा पडले. गावातली पोरं मागनं ओरडायची. नंतर त्यांचीच एकेक सातवी पास झाली.”

मी लहानपणापासून ती गाडी बाबांची समजत होतो, कारण ती पुसायचे बाबा, प्लग घासायचे बाबा आणि रविवारी मला घेऊन फिरायचे बाबा. रोज बावीस किलोमीटर कोण जात होतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आई त्या गाडीवर एकोणीस वर्षं शाळेत गेली. केंद्रप्रमुख होऊन निवृत्त झाली. तिची पेन्शन दर महिन्याला आमच्याच शाखेत जमा होते, आणि त्या एंट्रीवर कित्येकदा मीच नजर टाकलेली आहे. अठराशे रुपयांच्या गुंतवणुकीवर किती परतावा आला, हे काढायला मी कागद घेतला आणि ठेवून दिला. आमच्या अभ्यासक्रमात तो प्रश्न नव्हता.

“मग विकू ना गाडी?” मी विचारलं.

“तुझ्या सोयीनं बघ,” आई म्हणाली, आणि तोच लसूण तिनं दुसऱ्यांदा सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला नाही म्हणून कळवलं आणि लूना टेम्पोत घालून नाना पेठेत नेली. मेस्त्रींनी टायर, ट्यूब, केबली बदलल्या, कार्ब्युरेटर साफ केला, चेन घातली. बिल चौसष्टशे. दीड पैशाच्या मालमत्तेवर चौसष्टशे रुपये दुरुस्ती! आमच्या ऑडिटरला दाखवलं असतं, तर तो जागच्या जागी कोसळला असता. पण नाना पेठेत ती पहिल्या झटक्यात चालू झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहा वाजता सेक्रेटरींसमोर प्रात्यक्षिक ठरलं. कमिटी, कमिटीच्या बायका, वॉचमन आणि समस्त पोरं जमली. आई बाकावर बसली. मी गाडी स्टँडवर लावली, पेडल मारलं. फुरफुर! टाळ्या पडल्या. मी निघालो. निम्मी फेरी झाली आणि मागे बघतो तो सगळी कमिटी धुरात दिसेनाशी झालेली. सकाळी निघताना जरा बरं चालावं म्हणून मी टाकीत वरून ऑइलची एक धार सोडली होती. रक्त शेवटी कुठे जाणार? तुळशीपाशी इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

धुरातून सेक्रेटरींचा आवाज आला, “बंद पडली. नोंद घ्या.”

तेवढ्यात बाकावरून दुसरा आवाज आला. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. “बंद कुठं पडलीय? पेडल मार की!”

मी इंजिन सोडवलं आणि पेडल मारू लागलो. वय पंचेचाळीस पूर्ण, पोट बँकेचं. पोरं मागून ओरडत धावत होती. उरलेली निम्मी फेरी मी पूर्ण केली आणि सेक्रेटरींच्या पुढ्यात येऊन ब्रेक दाबला.

“ही तर सायकल झाली,” सेक्रेटरी म्हणाले.

“नाही साहेब, मोपेड झाली,” मी धापा टाकत म्हणालो. “मोटर अधिक पेडल. स्वीडन, १९५२. दोन्हींपैकी एकावर चालली, की चालू अवस्थेतली.”

सेक्रेटरी विचारात पडले. माणूस सरकारी नोकरीत मुरलेला, व्याख्येपुढे त्यांचं चालत नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : ‘वाहन चालते. (पहावे : व्याख्या.)’ पार्किंगचा आकार दरमहा पन्नास रुपये. तिथल्या तिथे पावती फाडली.

आई उठून आली. पदरानं सीट पुसली, टाकीच्या झाकणापाशी वाकून वास घेतला. “ऑइल जास्त घातलंस ना?” ती म्हणाली. “ह्यांच्यावरच गेलास अगदी.” मग हँडलला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली. पोरांना वाटलं आजी आता फेरी मारणार. ती मारेल असं क्षणभर मलाही वाटलं.

घटत्या शिलकेच्या पद्धतीची एक गंमत आमच्या सरांनी कॉलेजात सांगितली होती. दरवर्षी उरलेल्यातलाच हिस्सा कमी करायचा असल्यामुळे किंमत कितीही उतरली, तरी शून्य कधी होत नाही. तेव्हा मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती.

रात्री पावती ‘लूना’ फाइलला लावली. लावण्यापूर्वी सवयीनं उलटी करून पाहिली. पाठकोरी होती. पन्नास गुणिले बारा, सहाशे. मेस्त्री चौसष्टशे. ऑइल वेगळे. बेरीज केली आणि खाली बाबांचा शब्द लिहिला :

‘परवडते.’